अमेरिकेत धर्मस्वातंत्र्य आणलं कुणी?

खानापूरकर: पोरीला कॉलेजात प्रोजेक्ट हाय, इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींत धर्मस्वातंत्र्य कसं आलं. प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चवर नाराज असलेले कडवे प्रोटेस्टंट) लोक त्यासाठीच तिकडं गेले म्हणत्यात, खरं का वो?

निपाणीकर: अर्धंच खरं. त्यांना स्वातंत्र्य पायजे होतं ते स्वतःपुरतं. रॉजर विल्यम्स हा पाद्री म्हणाला सरकारनं धर्मात पडू नये तर मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या प्युरिटनांनी १६३५ ला त्याला हद्दपार केलं, मग त्यानं १६३६ ला प्रॉव्हिडन्स वसवलं, तिथं कुणी कशीबी प्रार्थना करा सरकार विचारणार न्हाई. आणि मेरी डायर ही क्वेकर (एक वेगळा ख्रिश्चन पंथ) बाई, क्वेकरांवरची बंदी मोडून परत परत मॅसॅच्युसेट्सच्या बोस्टनात आली म्हणून १६६० ला फासावर चढवली तिला. कसलं स्वातंत्र्य घेऊन बसलाय!

टिळकवाडी_कट्टा: मेरीलँड वसाहत विसरलासा की. तिथला १६४९ चा धर्म-सहिष्णुतेचा कायदा. पण तोबी फक्त ख्रिश्चनांसाठी, त्यात ट्रिनिटी (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव ही श्रद्धा) नाकारली तर मृत्युदंड 😅

खानापूरकर: मग सगळ्यांना कधी मिळालं ओ?

निपाणीकर: एकदम कुठलं. व्हर्जिनियात थॉमस जेफरसननं (पुढं राष्ट्राध्यक्ष झाला तो) लिहिलेला कायदा १७८६ ला पास झाला, चर्चला जायची न्हाईतर पैसे द्यायची सक्ती कुणावरच नको म्हणून. मॅसॅच्युसेट्सनं मात्र चर्चचा कर १८३३ पर्यंत ओढला. प्रोजेक्टात रॉजर विल्यम्सवरच जास्त लिवू दे, तोच खरा माणूस.