मदत हवी आहे: बेडूक बघायला येणाऱ्यांचे बूट कशाने धुवू? (शुक्रवारच्या आत सांगा)

सड्यावरचा: आंबोलीत माझा होमस्टे आहे. शुक्रवारी ग्रुप येतोय, रात्री सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) नेणार. बेडकांची ती बुरशी बुटांतून पसरते म्हणे. फिनेल चालेल का? लवकर सांगा, इथे सगळं मिळत नाही.

नदीकाठ: कायट्रिड, म्हणजे बेडकांना कातडीचा रोग देणारी बुरशी, म्हणताय का? ग्रुप कुठून येतोय?

आजोबा६५: हळद-मिठाचं पाणी. आम्ही गुरांच्या खुरांना तेच लावायचो.

नदीकाठ: काका, खुरांचं दुखणं वेगळं. आणि सड्यावरच्या डबक्यांत मीठ नकोच.

टोडप्रेमी: फिनेल नको, ब्लीच घ्या. आधी ब्रशने चिखल काढा, नाहीतर ब्लीचचा जोर चिखलातच जिरतो. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर एका भागाला तीन भाग पाणी. तळवे पाच मिनिटं बुडवा, धुवा, खडखडीत वाळवा. या बुरशीला कोरडं सोसत नाही. धुतलेलं पाणी ओढ्याकडे जाऊ देऊ नका.

रात्रपाळी: वरातीमागून घोडं. उत्तर सह्याद्रीत ही सापडल्याचं २०१३ सालीच छापून आलंय, तेही मुंबई नाइट फ्रॉगसकट बेडकांच्या तीन प्रदेशनिष्ठ (दुसरीकडे न सापडणाऱ्या) जातींत.

टोडप्रेमी: तो आशियाई वाण. जगभर बेडूक संपवणारा वाण वेगळा. २०१९ च्या आढाव्यात या रोगाने घटलेल्या ५०१ जाती मोजल्यात, त्यातल्या ९० बहुधा नामशेष. आंबोली टोड, आपल्या इथला भेक, केवढ्याशा जागेत उरलाय, तिथे तो वाण येऊ द्यायचा?

हौशी_भटक्या: रूम केवढ्याला? पिट वायपर साप नक्की दिसतो का?

सड्यावरचा: भटक्या, व्यनि (खासगी निरोप) करा. ग्रुप पुण्याचा आहे. दोघे मात्र ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलात फिरून थेट येताहेत.

टोडप्रेमी: अहो, हे आधी सांगायचं ना! तिथल्या डोंगरी ओढ्यांवरच्या काही जाती याच बुरशीने गेल्या. त्या दोघांचे बूट गाडीतच राहू देत, तुमचे गमबूट द्या. ट्रायपॉडचे पायही धुवा. फोटोसाठीसुद्धा कुणी बेडूक हातात घ्यायचा नाही.

पुणेरी_आई: माणसांना होते का? माझा मुलगा आहे त्या ग्रुपात.

नदीकाठ: नाही हो. ही उभयचरांच्या कातडीत वाढते.

रात्रपाळी: आणि शनिवार-रविवारी सड्यावर गाड्या चढतात, त्यांचे टायर कोण धुणार?

टोडप्रेमी: त्यासाठी वेगळा धागा काढा.

सड्यावरचा: ब्लीच सावंतवाडीहून आणतो. गमबूट आहेत, पण त्या दोघांतल्या एकाला ११ नंबर लागतो. जवळपास कुणाकडे आहेत का?