शाश्वत विकास म्हणजे नेमकं काय करायचं? गावात बोअरवरून वाद चाललाय

दिंडोरीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा बनतोय, त्यात 9 संकल्पना आल्यात, गरिबीमुक्त गाव, जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव वगैरे. ग्रामसेवक म्हणाले युनोने 2015 ला 17 ध्येयं ठरवली ना 2030 पर्यंतची, त्यातूनच हे आलंय. वाचायला छान आहे, पण इकडे द्राक्षबागा वाढल्या तसे बोअरही वाढले आणि एप्रिल लागला की वाडीवरच्या बाया हंडे घेऊन फिरतात. ग्रामसभेत म्हटलं बोअरला काहीतरी नियम लावू, तर एक काका म्हणाले आत्ता कुठं चार पैसे दिसायला लागले, तुला विकास नको का? आपल्या नाशिक जिल्ह्यात पाणीही टिकलं आणि उत्पन्नही वाढलं असं कुठं झालंय का?

ओझरकर:
अरे भाऊ तुझ्याच तालुक्यात झालंय की, वाघाड! धरण होतं पण कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचायचंच नाही, वरचे भिजवून मोकळे. मग 1990 च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, शेतकऱ्यांना जमवून पाणी वापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी एकरावर नाही तर घनमीटरवर, म्हणजे कमी वापरलं की पैसे वाचतात, त्यामुळे लोक ठिबककडे वळले, नाल्यांवर बंधारे घालून विहिरींत पाणी मुरवलं, आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांनी हातात घेतला. टेलवाल्यांच्या बागा त्यानंतर उभ्या राहिल्या. काकांना एकदा तिकडे घेऊन जा.

बागलाणची_ताई:
आमच्याकडे मोसम आणि आरम नदीवर फड पद्धत होती, काही शे वर्षं जुनी. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी कमी पडलं तर भिजवायचं क्षेत्रच कमी करायचं, ते सगळ्यांचंच. पाटकरी पाणी सोडणार, शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. वरच्या बाजूला मोठी धरणं आणि शेताशेतात मोटारी आल्या तसं बरंचसं मोडलं, त्याचं फार वाईट वाटतं.

भूजलवाला_सिडको:
दोन्ही उदाहरणं नदी-कालव्याची आहेत, बोअरचं दुखणं वेगळं. आपला खडक बेसाल्ट, पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, खाली जाल तसं कमी, आणि तिथलं एकदा उपसलं की लवकर भरत नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेती आणि कारखान्यासाठी 60 मीटर आणि त्याहून खोल विहिरीला बंदी आहे, तो कागद ग्रामसभेत वाचून दाखव.
अजून एक, आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पाणी वापर संस्थेत सभासद कोण, तर जमीनवाला. वाडीवरच्या भूमिहीन बाईला तिथं मत नाही. युनोच्या आयोगाच्या 1987 च्या ब्रुंटलँड अहवालात जिथं शाश्वत विकासाची व्याख्या आहे ना, तिथंच लिहिलंय की गरिबांच्या मूलभूत गरजांना सगळ्यात आधी प्राधान्य. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का लावायचा नाही, हे वाक्य सगळे सांगतात, गरिबांचं हे कोणी सांगतच नाही. म्हणून आराखड्यात आधी पिण्याचं पाणी राखून ठेवा, मग बागांचं बोला.

दिंडोरीचा_पोरगा:
खूप आभार सगळ्यांचे. वाडीवरच्या बायांना पुढच्या ग्रामसभेला आणतो, त्यांच्याच तोंडून मांडू दे. ओझरकर दादा, वाघाडला दहा-बारा जण यायचं तर कोणाशी बोलू?

ओझरकर:
मेसेज कर, मी बोलून ठेवतो. आवर्तन चालू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना या, मोजणी बघायला मिळेल. आणि काकांना पुढच्या सीटवर बसव.