रोमेल की रुंडश्टेट?

कोकणकडा: काल इथे एकाने एका ओळीत निकाल लावला: ‘रोमेलचं ऐकलं असतं तर नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य किनाऱ्यावरच बुडालं असतं.’ (६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं. तो किनारा राखणाऱ्या जर्मन सेनानी रोमेलचं म्हणणं होतं, रणगाडे किनाऱ्यालगतच ठेवा.) हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देतोच. रणगाडे वाळूपाशी उभे केले म्हणजे लढाई जिंकली असं होत नाही. जुलै १९४३ मध्ये सिसिली बेटावर, गेला नावाच्या गावी, जर्मन रणगाडे किनाऱ्याच्या तोंडाशी आले होते. युद्धनौकांच्या तोफांनी झोडपून मागे लावले. सप्टेंबरात इटलीच्या किनाऱ्यावर सालेर्नोलाही तेच. रोमेलचा वरिष्ठ रुंडश्टेट आणि रणगाडा दलाचा प्रमुख गायर म्हणूनच सांगत होते, रणगाडे आत ठेवा. शत्रू तोफांच्या पल्ल्याबाहेर आला की एकवटून तुटून पडा.

रणगाडा७६: आणि आतून यायचं कसं? डोक्यावर विमानं असताना काय होतं ते रोमेलने आफ्रिकेत भोगलं होतं. पान्झर लेअर ही जर्मन रणगाडा डिव्हिजन नॉर्मंडीकडे दिवसाउजेडी निघाली आणि वाटेतच मार खाल्ला. १० जूनला तर गायरच्याच मुख्यालयावर बॉम्ब पडले!

कोकणकडा: २१वी पान्झर डिव्हिजन किनाऱ्यालगतच्या कां शहराजवळ होतीच की. ६ जूनच्या संध्याकाळी तिची तुकडी समुद्रापर्यंत पोचली. टिकली का?

रणगाडा७६: एकटी डिव्हिजन काय टिकणार? राखीव डिव्हिजन्सना हिटलरच्या परवानगीशिवाय हलता येत नव्हतं. ती मिळेपर्यंत दुपार कलली.

माणगावचा: दरवेळी नॉर्मंडीच. त्यानंतर साधारण महिन्याभराने, १० जुलै १९४४ ला, इटलीत टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले (छोट्या तुकडीतले) बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवलं. मग शत्रूच्या गोळ्यांनी गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या माणगावात पुतळा आहे. किती जणांना माहीत आहे?

रणगाडा७६: मान आहेच, पण धागा भरकटवू नका.

माणगावचा: भरकटवतोय? इटलीत जर्मन डिव्हिजन्स कुणी अडकवून ठेवल्या होत्या? माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, इटलीतच होते. शाळेत मी हे सांगितलं तर गुरुजी म्हणाले, आपली माणसं युरोपात लढलीच नाहीत. सगळा वर्ग हसला. आजोबांचं इटली स्टार हे युद्धपदक घरी पेटीत होतं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेलो, तरी गुरुजींनी हातात घेतलं नाही.

कोकणकडा: माणगावचे, माझंच चुकलं. सालेर्नो लिहिलं, पण इटलीतल्या आपल्या माणसांचं नाव काढलं नाही. आजोबा कुठल्या बटालियनमध्ये होते?

माणगावचा: तिसऱ्या. घाडग्यांच्याच.

रणगाडा७६: शब्द मागे घेतो. यावर वेगळा धागा काढा, मी येईन. आणि कोकणकडा, हिटलरने काही रणगाडे रोमेलला देऊन आणि बाकीचे स्वतःच्या हुकमाखाली राखीव ठेवून दोन्ही बेतांची वाट लावली, एवढं मानतो. रुंडश्टेट बरोबर होता, हे नाही.

कोकणकडा: नौदलाच्या तोफांचं उत्तर अजून आलेलं नाही.