पहिलटकरणीला कळांबद्दल आधी सांगावं की नाही?

रामबागवाली वहिनी:
गेल्या रविवारी इंदूरला आमच्या घरी नणंदेचं डोहाळेजेवण झालं. ओटी भरून झाली आणि ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, पिशवीचं तोंड उघडतं म्हणजे फाटतं का गं?" आठवा सरत आलाय, एम.कॉम. झालेली मुलगी, आणि हा प्रश्न कुणाला विचारावा तेच तिला कळत नव्हतं. मी कपाटातून उंच गळ्याचा स्वेटर काढला आणि तिच्या डोक्यातून घातला. गळा आधी पातळ होत ताणला गेला, मग कपाळावरून खाली उतरला. म्हटलं, "अस्संच. प्रत्येक कळेला वरचा स्नायू आखडतो, तोंडाला वर ओढतो. दहा सेंटिमीटर उघडलं की बाळाला वाट मोकळी." ती हसली. तेवढ्यात सासूबाई आल्या, "शुभ दिवशी हे काय काढलंत?" मला मनापासून वाटतं, हे सांगायलाच हवं. अंधारात बसवून ठेवलं की भीती दुप्पट होते.

तीन लेकरांची आई:
सासूबाईंचं अगदीच चुकलं नाही हो. मला आईने काही सांगितलं नव्हतं, तरी तिन्ही बाळंतपणं पार पडली. माझ्या सुनेने मात्र मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून नवव्या महिन्यात झोप घालवली. रात्री दोनला उठून म्हणायची, "आई, माझं असं झालं तर?" मला धीर आला तो माझ्या मावशीमुळे. ती पूर्ण वेळ उशाशी बसून कंबर चोळत होती. माहितीपेक्षा माणूस लागतं.

लेबर रूममधली सिस्टर:
काकू, मावशीचं तुमचं शंभर टक्के खरं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की बाईला हवं ते माणूस सोबत असू द्या. आपल्याकडे २०१७ च्या 'लक्ष्य' या लेबर रूम सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमातही सोबतीण धरलेली आहे. पण न सांगण्याचं नुकसान मी रोज बघते. दोन सेंटिमीटरवर बाई येते, घरचे म्हणतात "अजून दोनच?", आणि ती खचते. खरी जोरदार प्रसूती पाच सेंटिमीटरच्या पुढे धरतात. पहिलटकरणीला तिथून बारा तासांपर्यंत लागू शकतात. हे आधी ठाऊक असेल तर दोनवर कुणी रडणार नाही. घाबरलं की अंग ताठ होतं आणि दुखणं जास्त जाणवतं. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकातच भीती, ताण आणि वेदना यांचं हे चक्र मांडलं होतं. दोन कळांमध्ये विसावा असतो, तो घ्यायला शिकवा. आणि रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळा मोजत बसू नका, थेट निघा.

सिझरवाली:
सिस्टर, चक्राचं हे बोलणं जपून करा. मी वर्ग केले, श्वास शिकले, भीती अजिबात नव्हती. सोळा तासांनी बाळाचे ठोके उतरले आणि सिझर झालं. घरी आल्यावर नात्यातली एक बाई म्हणाली, "श्वास नीट घेतला नसशील." ते वाक्य दोन वर्षं माझ्या छातीत रुतून होतं. भीती गेली म्हणजे दुखत नाही, असं कुणाला सांगू नका. दुखतं. कमरेतली वेदनाशामक सुई मागितली म्हणून कुणी हरत नाही. शरीर समजावताना त्याची परीक्षा करून ठेवू नका.

लेबर रूममधली सिस्टर:
मान्य. ठोके उतरणं श्वासाच्या हातात नव्हतं. तुमचा काही दोष नव्हता.

रामबागवाली वहिनी:
सिझरवाली ताई, तुमचं वाचून काल रात्री नणंदेजवळ परत बसले. मी फक्त स्वेटरचं सांगितलं होतं, सिझरचा शब्दही काढला नव्हता. मलाच भीती होती बहुतेक. तिने विचारलं, "ऑपरेशनमध्ये बाई शुद्धीत असते?" म्हटलं, बहुतेक वेळा कमरेत सुई देतात, खालचं अंग बधिर होतं, बाळाचं रडणं ऐकू येतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत कोण येईल माझ्यासोबत?" सासूबाई दारात होत्या. "मी येईन," म्हणाल्या, आणि आत येऊन तिची कंबर चोळू लागल्या.