समावेशक वर्गासाठी शिक्षक घडवताना: आधी निदानांची ओळख की आधी वर्गातला सराव?

खडूफळा
समावेशक वर्गात, म्हणजे विशेष गरजा असलेली मुलं इतरांसोबतच शिकतात तिथे, शिकवणाऱ्यांना ऑटिझम (संवाद आणि संवेदना वेगळ्या असणं), एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं कठीण जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखन कठीण जाणं) यांची लक्षणं दोन दिवस पडद्यावर दाखवायची आणि प्रमाणपत्र हातात ठेवायचं, याला माझा विरोध आहे. त्याऐवजी एकेक कौशल्य घटवून घ्या. उदाहरणार्थ, प्रश्न विचारून थांबणं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं, तेव्हा शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबत होते. ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. सहकाऱ्याने तासातली १० मिनिटं मोजावीत, आकडा त्याच दिवशी दाखवावा, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजावं.
तसंच सूचनांचं. "वह्या काढा, तारीख घाला, पान ४२ उघडा, तिसरं गणित करा" हे एका दमात सांगितलं की काही मुलांच्या लक्षात जेमतेम एक गोष्ट उरते. एक सांगा, थांबा, मग दुसरी, बाकी फळ्यावर.

तिरपा कोन
सराव हवाच, पण निदानं वगळून? तिथेच घोळ होतो. आवाज-उजेड असह्य होऊन मूल कोलमडतं, तो हट्ट नव्हे. हट्टाचं रडं हवं ते मिळालं की सहसा थांबतं. कोलमडलेल्या मुलाला बक्षीस दाखवूनही थांबता येत नाही. हे ठाऊक नसलेला शिक्षक बक्षिसांच्या तक्त्यावरचे तारे काढून घेतो, चढ्या आवाजात समजावतो, दंडाला धरतो. म्हणजे आगीत तेल. तेव्हा बोलणं कमी करायचं, गर्दी हटवायची, प्रश्न नंतर. "माझ्याकडे बघून बोल" हा आग्रहही त्यातलाच. काहींना नजर चुकवूनच नीट ऐकता येतं.

खडूफळा
पण दोन मुलांचं निदान एकच असलं तरी एक मूल कान झाकतं, दुसरं मुद्दाम बाक बडवतं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत, ऑटिझमच्या निकषांत संवेदना जास्त जाणवणं आणि कमी जाणवणं, दोन्ही आहेत. म्हणून प्रत्येक मुलाचं वागणं वहीत तीन रकान्यांत नोंदवा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. दुसऱ्या रकान्यात "उद्धटपणा केला" लिहिलं की नोंद वाया गेली. "पेन्सिल फेकली, बाकाखाली गेला" असं लिहा. आणि लेखन टाळण्यासाठीच पेन्सिल फेकली असेल, तर वर्गाबाहेर काढणं ही शिक्षा नसून बक्षीस ठरतं.

समास
भरणार कोण? सगळ्या वर्गाच्या नोंदी ठेवायला बसलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. एक मूल, एक तास, एक आठवडा, एवढंच झेपतं. आणि मुख्याध्यापकांनाही प्रशिक्षणाला बसवा. पहिल्या तासाला उभं राहून लिहायची मुभा आणि पाचव्या तासाला त्याचसाठी शिक्षा, याने होतं-नव्हतं ते पाण्यात.
डिस्लेक्सियाचा नुसता उल्लेख झाला आणि दोघंही पुढे सरकलात. सुटसुटीत अक्षर, १२ ते १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, अचानक उठवून मोठ्याने वाचायला न लावणं, हे सगळं ठीक. पण या सवलती झाल्या. ध्वनी आणि अक्षर यांचा मेळ क्रमाने, उघडपणे शिकवावा लागतो. परीक्षेत जादा वेळ दिल्याने वाचन येत नाही.

तिरपा कोन
वाचनाबद्दल सहमत. रकान्यांवर मात्र हरकत आहे. "आधी काय घडलं" यात शेवटची पाचच मिनिटं येतात. सकाळपासूनचा गोंगाट, बदललेली जागा, दाबून धरलेली चुळबुळ चौथ्या तासाला बाहेर पडते. नोंदीत कारण दिसतं "वही काढ म्हटलं". मग शिक्षक लेखन कमी करतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

खडूफळा
मान्य, चौथा रकाना घालू: "सकाळपासून". झोप, खाणं, वेळापत्रकातला बदल. पण तो भरायला पालकांशी रोज दोन वाक्यं बोलावी लागतात, आणि तेही पडदा बघून येत नाही.