गिनी पिग गवत सोडून नुसती काकडी मागतात, काय करू?

मंडळी, लेकीच्या हट्टापायी महिन्यापूर्वी दोन आणले, दुकानदार म्हणाला सशाच्या गोळ्या द्या बास. आता फ्रिज उघडला की दोघं शिट्ट्या मारतात, काकडी-गाजर फस्त आणि गवत तसंच पडून, लेंड्याही बारीक झाल्यात.

गवतप्रेमी: अहो गवत हेच जेवण आहे, बाकी सगळं तोंडीलावणं! दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. सुकं गवत चोवीस तास समोर पाहिजे, पुठ्ठ्याच्या नळीत कोंबून बघा, आमची त्यातून ओढून ओढून खाते. गाजर गोड असतं, कधीतरीच द्या.

कोथिंबीरवाली: सशाच्या गोळ्या बंद करा आधी, त्यात सहसा व्हिटॅमिन सी घातलेलं नसतं, आणि आपल्यासारखंच यांच्याही अंगात ते तयार होत नाही. रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरचीची एक फोड नि थोडी कोथिंबीर, झालं काम. पाण्यात व्हिटॅमिन सीचे थेंब नका टाकू, त्याचा असर लवकर उतरतो.

गवतप्रेमी: हो, आणि गवत म्हणून लसूणघास (अल्फाल्फा, गुरांचा चारा) आणू नका हं, त्यात कॅल्शियम फार, मोठ्यांना मुतखडा होतो. पिल्लांना चालतो. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही.

कोथिंबीरवाली: लेंड्या बारीक म्हणताय तर डॉक्टरला दाखवाच, आणि एखादा दिवसभर काहीच खाईना झाला तर सकाळची वाट बघू नका.

प्रश्नकर्ता: आज संध्याकाळीच नेतो. नळीची आयडिया केली, एकाने गवताआधी पुठ्ठाच कुरतडला 😅