झेनची बॅटरी डिकीत घेतलीय, गरम इंजिनवर सेल्फ दमतो. मदत हवी

नमस्कार मंडळी,

२००१ ची मारुती झेन, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली), आधी बाबांची आता माझी. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा ॲसिड सांडून सांडून पार सडला होता, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार. पत्रा मारायचाच होता तर डोक्यात किडा वळवळला की बॅटरीच डिकीत नेऊ. अधूनमधून ऑटोक्रॉसला (मैदानात खांबांमधून वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) जातो, नाकावरचं दहाबारा किलो मागे गेलं तर बरंच. जुन्या ब्रिटिश मिनी गाडीला कंपनीच डिकीत बॅटरी द्यायची, मग आपल्याला काय धाड भरलीय!

नाशिकला ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेतलं. १६ स्क्वेअरची (चौरस मिमी जाडीची) तांब्याची वेल्डिंग केबल, साधारण साडेचार मीटर, डाव्या बाजूने कार्पेटखालून काढली, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) केबलच्या भोकात रबर लावलं. मायनस डिकीतच बॉडीला बोल्ट केला. सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते. पण तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलो की सेल्फ म्हाताऱ्यासारखा घरघरतो, पंपावर मागचे हॉर्न वाजवतात आणि मी घामाघूम.

बॅटरी नवीन आहे त्यामुळे बॅटरी बदल हे कृपया सांगू नका. काल मीटर लावला, भाच्याला चावीवर बसवलं. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर ११.१ आणि सेल्फवर जेमतेम ९.२, म्हणजे १.९ व्होल्ट वाटेतच गायब. मग तुकड्या तुकड्याने मोजलं, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.७ आणि बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत १.२! मी आपला केबल बारीक पडली म्हणून रडत होतो आणि मोठं गळतंय अर्थिंगमध्ये.

आता मला वाटतंय ते असं, चूक असेल तर झापा. आधी मायनसची जाड वायर थेट गिअरबॉक्सवर होती, बॉडीला नुसती एक बारकी वायर. आता सेल्फचा सगळा करंट बॉडीतून त्या बारक्या वायरने परत येतोय. बरोबर ना?

दुसरं म्हणजे फ्यूज. इलेक्ट्रिशियन म्हणतो सेल्फच्या लाईनला कधी फ्यूज असतो का. अहो पण तेव्हा ती केबल हातभर होती, आता अख्ख्या गाडीतून जाते, कुठे पत्र्याला घासली किंवा मागून कुणी ठोकलं तर थेट शॉर्ट, आणि कार्पेट पेटायला किती वेळ लागतो. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज टाकायचं ठरवलंय, पण किती अँपिअरचा? १५० टाकला तर सेल्फ मारताना उडेल का? ३५ स्क्वेअरची केबल टाकून २०० चा लावू का?

तिसरं, वास. परवा आई मागे बसली होती, म्हणाली अंडं सडलंय का गाडीत. मिनीची डिकी वेगळी बंद असते, झेनची डिकी म्हणजे सीटमागची मोकळी जागा, हे मला तेव्हा सुचलं! मेंटेनन्स फ्री म्हणून निर्धास्त होतो पण तिलाही बारीक भोकं असतातच, चार्जिंग जास्त झालं की गॅस येतोच. अल्टरनेटर १४.३ देतोय, म्हणजे ठीक वाटतंय. तोवर आईला रिक्षाने पाठवतोय. झाकणाचा डबा आणि खालून बाहेर नळी पुरेल, की सरळ एजीएम (ॲसिड आत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) घेऊ? एजीएमची किंमत ऐकून पोटात गोळा आलाय.

अपडेट: खाली एका दादांनी सुचवलं तसं जंपर केबलचं एक टोक ब्लॉकला, दुसरं बॉडीच्या कोऱ्या पत्र्याला लावून सेल्फ मारला. १.२ चे ०.५ झाले आणि गरम इंजिन लगेच चालू! उरलेल्या ०.५ साठी डिकीतला बोल्ट काढला तर थिंबलखाली (केबलच्या टोकाचं कडं) कंपनीचा रंग जसाच्या तसा, घासलेलाच नाही. आज पॉलिश पेपर मारतो आणि ब्लॉकला जाड पट्टी टाकतो. फ्यूज आणि वासाचं मात्र कुणीतरी सांगा, रविवारी गाडी परत उघडतोय.